आंग्रेकालीन गलबताची प्रतिकृती : बांधणी आणि दोरकाम

जहाजांच्या प्रतिकृतींचे जे तयार संच बाजारात मिळतात, ते बहुतेक सगळे युरोपीय जहाजांचे असतात. त्यांच्यासोबत आराखडे येतात, दोरांची यादी येते आणि कोणता दोर कोठे बांधायचा याची आकृतीही येते. ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसाने मात्र आपल्याच पाण्यावरचे जहाज बांधायचे ठरवले, तर असा संच मिळत नाही. कोकणातील मिस्त्री कागदावर आराखडा काढून नव्हे, तर सूत्र, साचा आणि सरावलेली नजर यांच्या बळावर जहाज बांधत. त्यामुळे आंग्रे यांच्या आरमारातील गलबताची अचूक प्रतिकृती करायची म्हणजे प्रत्येक भागाला आधार शोधायचा, आणि जेथे आधार नाही तेथे तसे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवायचे. हे मार्गदर्शन त्या पद्धतीचे आहे. सुतारकामाची प्राथमिक ओळख आणि भरपूर सबुरी एवढे वाचकाजवळ आहे असे मी गृहीत धरतो.

गुराब, म्हणजे आरमारातले मोठे लढाऊ जहाज, न घेता गलबत घेण्याचे कारण व्यवहाराचे आहे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या, अनेक शिडे आणि तोफांची रांग असते, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात दोरकाम हाताबाहेर जाते. गलबताला एक मोठे त्रिकोणी शीड आणि मागे एक किरकोळ डोलकाठी असते. दोर थोडे असतात, पण प्रत्येक दोराला काम असते, आणि ते काम समजून घेतले की दोरकाम पाठ करावे लागत नाही.

आधार कोठून घ्यावा

लेखी आधारांपैकी सर्वांत उपयोगी वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचे आहे. त्याच्या माहितीनुसार गुराबा सहसा ३०० टनांपेक्षा मोठ्या नसत. त्या लांबीच्या मानाने फार रुंद आणि कमी पाण्यात चालणाऱ्या असत. त्यांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, भूमध्य समुद्रातील गॅली या वल्ह्यांच्या जहाजाप्रमाणे पुढे आलेली असे, आणि नाळेवरच्या भागाला कठडा नसल्यामुळे लाटेचे पाणी तेथून वाहून जाई. गलबते त्याच घडणीची पण लहान असत व मोठ्यातले मोठे गलबतही क्वचितच ७० टनांच्या वर जाई. त्याला दोन डोलकाठ्या असून मागची अगदी हलकी असे. पुढच्या डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे आणि ते चढवल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. वजन कमी राहावे म्हणून चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी, म्हणजे वरची पाटणी (डेक), केलेली असे, तर सर्वांत मोठ्या गलबतांना पक्की तक्तपोशी आणि त्यावर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा ते आठ तोफा असत. चाळीस-पन्नास भक्कम वल्ह्यांनी असे गलबत ताशी सुमारे चार मैल वल्हवता येई.

दुसरा आधार आजच्या लाकडी नौकांचा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नवी मुंबईतील दिवाळे किंवा सारसोळे येथे काठावर ओढून ठेवलेल्या नौका पाण्याखालच्या भागासह पाहता येतात. नाखवांची परवानगी घेऊन नाळेचा कल, फळ्यांची रुंदी, सुकाणू अडकवण्याची पद्धत आणि खिळ्यांमधले अंतर यांची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावीत. इंजिनामुळे पिछाडीची घडण बदललेली आहे, म्हणून तो भाग आधार म्हणून घेऊ नये. एक सावधगिरी आणखी. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवरील युद्धनौका मोहात पाडतात, पण ते वीरगळ शिलाहार काळातील मानले जातात. आंग्रेकालीन जहाजासाठी त्यांचा उपयोग करणे म्हणजे काही शतकांची उडी मारणे होय.

तिसरा आधार अनुमान, आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. एक वही करावी, तिच्यात प्रत्येक भागासमोर ‘लेखी’, ‘हयात नौका’ किंवा ‘अनुमान’ असे लिहावे आणि अनुमानामागचे गणितही मांडावे. काम पूर्ण झाल्यावर कोणी जाणकार प्रश्न विचारील, तेव्हा या वहीची किंमत कळते.

गलबताची लांबी हेच अनुमानाचे पहिले उदाहरण. ऑर्म लांबी देत नाही, पण वल्ह्यांची संख्या देतो. चाळीस वल्ही म्हणजे एका बाजूला वीस. बसून वल्हवणाऱ्या दोन माणसांमध्ये साधारण ९५ सेंटिमीटर अंतर लागते असे धरले, तर वल्हेकऱ्यांचा भागच सुमारे १९ मीटर होतो. नाळ आणि पिछाडी यांसाठी पाच मीटर धरले की एकूण लांबी २४ मीटर येते. रुंदी मी साडेपाच मीटर घेतो, कारण त्याहून अरुंद केल्यास एवढ्या मोठ्या शिडाखाली नौका कलंडेल आणि त्याहून रुंद केल्यास वल्ही निरुपयोगी होतील.

प्रमाण १:४८ ठेवावे. या प्रमाणात लांबी ५० सेंटिमीटर, रुंदी साडेअकरा सेंटिमीटर आणि दोन वल्ह्यांमधले अंतर २० मिलिमीटर येते, तर १६५ सेंटिमीटर उंचीचा खलाशी ३४ मिलिमीटरचा होतो. दोरकामाला बोटे आत जातील एवढी मोकळीक मिळते आणि सदनिकेतल्या भिंतीवरच्या फळीवर ती मावतेही. शिडाचा दांडा जवळजवळ नौकेइतकाच लांब असतो आणि तो तिरका वर जातो, म्हणून कपाटाची उंची आधी मोजून घ्यावी.

लाकूड

मूळ जहाजे सागाची असली तरी १:४८ प्रमाणात साग वापरू नये. त्याच्या रेषा आणि छिद्रे या प्रमाणात अवाढव्य दिसतात आणि फळीऐवजी ओंडका चिकटवल्याचा भास होतो. फळ्यांसाठी शिवणीचे लाकूड उत्तम, कारण ते हलके असते आणि ओल कमी-जास्त झाल्यावर फारसे वेडेवाकडे होत नाही. लहान, बारीक कामासाठी हेद, म्हणजेच हळदू, चांगले. त्याचा पोत घट्ट असल्याने कड तुटत नाही. सागाचा तपकिरी रंग नंतर देता येतो. लाकडाच्या वखारीत किंवा फर्निचरच्या कारखान्यात उरलेले तुकडे मागितले तर पुरेसा माल मिळतो. आतल्या सांगाड्यासाठी चार मिलिमीटरचे मरीन प्लाय घ्यावे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त व कापायला सोपे असले तरी आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याच्या कडा फुगतात, आणि एकदा फुगलेला सांगाडा दुरुस्त होत नाही.

लाकूड आणल्यावर ज्या खोलीत प्रतिकृती राहणार आहे त्याच खोलीत ते काही आठवडे मोकळे ठेवावे. फळ्या बसवण्याचे काम दसऱ्यानंतर सुरू करणे मला सर्वांत योग्य वाटते. भर उन्हाळ्यात सुकलेल्या फळ्या घट्ट बसवल्या तर जुलैत त्या फुगून एकमेकींना ढकलतात, आणि भर पावसात बसवल्या तर जानेवारीत फटी पडतात.

सांगाडा आणि फळ्या

नौकेच्या मधोमध उभा छेद दाखवणारी एक पट्टी, म्हणजे कणा, आणि तिच्यावर आडव्या छेदांचे बारा-तेरा साचे अशी रचना करावी. मूळ नौकेत असे साचे नसतात. तेथे पुष्कळदा कण्यालगतच्या फळ्या आधी बसवून फासळ्या नंतर घालत. परंतु बाहेरून दिसणारा आकार अचूक यावा यासाठी आपल्याला साच्यांचा आधार घ्यावा लागतो. सांगाड्याचे तुकडे हाताने कापता येतात. घाई असल्यास वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक भागात लेझरने कापून घेता येतात. मात्र लेझरने जळालेली काळी कड घासून काढल्याशिवाय फेव्हिकॉल नीट धरत नाही.

आकारात खरी कसोटी नाळेची. कण्याची रेषा पुढे येता येता हळूहळू वर उचलली जाते आणि नाळ पाण्याच्या पातळीच्या पुष्कळ पुढे झुकते. साचे चिकटवल्यावर दीड मिलिमीटरची लवचिक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत सर्व साच्यांवरून टेकवून पाहावी. जेथे पट्टी उचलली जाते तेथे साचा खोल आहे, जेथे ती कोन करते तेथे तो वर आला आहे. पहिल्या ठिकाणी पातळ पट्टी चिकटवावी, दुसऱ्या ठिकाणी घासावे. या कामाला जितका वेळ द्याल तितका कमी आहे, कारण पुढे फळ्या हा दोष झाकत नाहीत, उलट तोच अधोरेखित करतात.

फळ्या पाच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड घ्याव्यात. १:४८ ने ही रुंदी मूळच्या २४ सेंटिमीटरइतकी होते. पहिली फळी कण्यालगत, दुसरी कठड्याखाली, आणि मग दोन्हीकडून मध्याकडे यावे. उजवीकडे एक फळी बसवली की लगेच डावीकडे तिची जोडीदार बसवावी, नाहीतर सांगाडा पिळतो. नाळेकडे घेर कमी होत जातो, म्हणून प्रत्येक साच्यावर उरलेला घेर कागदी पट्टीने मोजून तो उरलेल्या फळ्यांच्या संख्येने भागावा आणि त्या ठिकाणी फळी तितकीच रुंद ठेवावी. फळी गरम पाण्यात वीसेक मिनिटे ठेवून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या दांड्यावरून हळूहळू वळवली तर मोडत नाही. फेव्हिक्विक फक्त क्षणभर धरून ठेवण्यापुरते वापरावे. त्याची पांढरी वाफ लाकडावर बसली की तेथे रंग शोषला जात नाही.

युरोपीय प्रतिकृतींमध्ये फळ्यांमधली फट डांबराने भरलेली दाखवण्यासाठी फळीची कड काळी करतात. कोकणी बांधणीत फळ्यांच्या कडा अनेकदा एकमेकींत खाच करून बसवलेल्या असतात आणि सांधा बाहेरून फारसा उठून दिसत नाही, म्हणून पेन्सिलची अगदी फिकी रेघ पुरते. खिळ्यांचे तसेच. पंधरा मिलिमीटरचे खिळ्याचे डोके या प्रमाणात ०.३ मिलिमीटर होते. पितळी खिळे ठोकण्यापेक्षा टाचणीच्या टोकाने टोचून त्या छिद्रात शिसपेन्सिलीची पूड बोटाने चोळणे अधिक खरे दिसते.

रंगाच्या बाबतीत एक चूक फार सर्रास होते, ती म्हणजे पाण्याखालचा भाग तांब्याच्या पत्र्याचा दाखवणे. इंग्रज आरमाराने असा पत्रा प्रायोगिक म्हणून १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजावर बसवला आणि १७७९ नंतर तो सर्वत्र आणला. तुळाजी आंग्रे यांचे आरमार विजयदुर्गाच्या लढाईत फेब्रुवारी १७५६ मध्येच जळाले होते. पाण्याखालचा भाग चुना आणि चरबी यांच्या लेपाचा, म्हणून मळकट पांढरा ठेवावा. वरचा भाग तेल मुरलेल्या सागासारखा गडद तपकिरी करावा, आणि चकचकीत व्हार्निश टाळावे.

तक्तपोशी, वल्ही आणि तोफा

चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी हा गलबताचा सर्वांत देखणा भाग आहे. तो कोणत्याही तयार संचात मिळत नाही आणि घरी मात्र सहज होतो. कबाबाच्या बांबूच्या काड्या उभ्या चिराव्यात. लोखंडी पट्टीत एक, दीड आणि दोन मिलिमीटरची छिद्रे पाडून काडी मोठ्या छिद्रातून लहान छिद्राकडे ओढत न्यावी. एक मिलिमीटरची गोल काडी मिळाली की तिची एक बाजू पॉलिश कागदावर घासून सपाट करावी आणि गोल बाजू वर ठेवून काड्या शेजारी शेजारी लावाव्यात. दर दोन सेंटिमीटरवर बारीक सुती दोऱ्याने त्या आडव्या विणून बांधाव्यात. बांबूची पेरे एका रेषेत येऊ देऊ नयेत. काही ठिकाणी काडी किंचित आखूड ठेवून खालची पोकळी दिसू दिली तर तक्तपोशीचा हलकेपणा डोळ्यांना पटतो.

वल्ही युरोपीय नौकांप्रमाणे एका लाकडात कोरलेली करू नयेत. पश्चिम किनाऱ्यावर सरळ दांड्याच्या टोकाला वेगळे गोलसर पाते बांधलेली वल्ही वापरात आहेत. दांडा बांबूचा आणि पाते अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, करावे.

बांबूची तक्तपोशी केली तर तिच्यावर तोफा ठेवू नयेत. तिला तोफांचा भार सोसत नाही, आणि अशा गलबतांवर कठड्यावर फिरत्या बसवलेल्या लहान तोफाच असत. तोफा हव्याच असतील तर तक्तपोशी फळ्यांची करावी. चार पौंडी तोफेचे तोंड १:४८ प्रमाणात पावणेदोन मिलिमीटरच्या आत येते. पितळी सळई ड्रिलमध्ये धरून कानशीने आकार देता येतो.

डोलकाठी आणि दोरकाम

मोठी डोलकाठी तळाशी आठ मिलिमीटर आणि शेंड्याला पाच मिलिमीटर जाड करावी, उंची सुमारे २७ सेंटिमीटर ठेवावी आणि ती किंचित पुढे कललेली बसवावी. पुढे कललेली डोलकाठी पाहून पाहणारा ‘वाकडी बसली’ असे म्हणेल, पण त्याचे कारण आहे. शीड वर ओढणारा मुख्य दोर डोलकाठीच्या शेंड्यातील कप्पीवरून मागे येतो आणि मागच्या खुंट्याला बांधला जातो. तोच दोर शीड उचलतो आणि तोच डोलकाठीला मागून ताणून धरतो. म्हणूनच डोलकाठीच्या पुढे नाळेकडे जाणारा ताण-दोर येथे नसतो, आणि असता तर शीड फिरवताच आले नसते. युरोपीय संच बांधून आलेली मंडळी सवयीने तो दोर घालतात, बाजूच्या दोरांना शिडीसारख्या पायऱ्याही बांधतात. या दोन्ही गोष्टी गलबतावर दिसल्या की प्रतिकृती पाठांतरावर बांधलेली आहे हे लगेच कळते.

शिडाचा दांडा, म्हणजे परबाण, दोन वाशांची टोके मधोमध एकमेकांवर ठेवून दोराने घट्ट आवळून बनवावे. मध्यभागी पाच आणि टोकांना दोन मिलिमीटर जाडी पुरते. एकच सलग काठी वापरू नये, कारण २४ मीटरचा सलग वासा मिळणे अवघड आणि मोडला तर बदलणे त्याहून अवघड. परबाणाचे खालचे टोक नाळेवर दोराने बांधलेले असते, मध्यभाग सैल फासाने डोलकाठीला धरलेला असतो, आणि वरच्या टोकाकडून मागे दोन्ही बाजूंना एकेक दोर येतो. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याचा दोर पिछाडीकडे जातो. बाजूंचे ताण-दोर कप्प्यांसह असतात आणि वाऱ्याच्या बाजूचेच ताणलेले ठेवतात, कारण वाऱ्याची बाजू बदलताना परबाण डोलकाठीच्या पुढून उभे करून पलीकडे न्यावे लागते आणि तेव्हा दोर सोडून पुन्हा बांधावे लागतात. प्रतिकृतीत वारा कोणत्या बाजूने आहे हे आधी ठरवावे. त्या बाजूचे ताण-दोर ताठ आणि दुसऱ्या बाजूचे सैल दाखवावेत. एवढा एक तपशील शंभर कोरीव नक्षींपेक्षा जास्त बोलतो.

दोर काथ्याचे होते, म्हणून ते काळे डांबरी नकोत, तर उबदार तपकिरी हवेत. चमकणारा पॉलिस्टर दोरा टाळून सुती दोरा घ्यावा आणि तो चहाच्या कडक पाण्यात रंगवावा. जाड दोर घरी वळावा. तीन पदर प्रत्येकी एकाच दिशेने ड्रिलच्या आकड्याने पिळावेत आणि मग तिन्ही एकत्र करून उलट दिशेने सोडावेत. मूळचा ५० मिलिमीटर जाडीचा मुख्य दोर येथे एक मिलिमीटरचा आणि २० मिलिमीटरचा दोर ०.४ मिलिमीटरचा होतो. जाडी मोजायला दोर पेन्सिलीवर शेजारी शेजारी गुंडाळावा. दहा मिलिमीटरमध्ये दहा वेढे आले तर दोर एक मिलिमीटरचा, पंचवीस आले तर ०.४ चा. मग तो मधमाशांच्या मेणावरून ओढून मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरझर नेला की उभे तंतू जळून जातात.

शिडासाठी सर्वांत पातळ मलमल घ्यावी. कापडाच्या पट्ट्या शिडाच्या मागच्या कडेला समांतर असतात. त्या खऱ्या शिवू नयेत, कारण शिवणयंत्राचा टाका या प्रमाणात माणसाच्या तळहाताएवढा होतो. १२ मिलिमीटर अंतराने एक धागा ओढून काढला किंवा पेन्सिलची रेघ मारली की पुरते. कडेचा दोर मात्र हाताने शिवावा. शीड फुगलेले दाखवायचे असेल तर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून वक्र पृष्ठावर वाळवावे.

शीड आणि वल्ही ही दोन्ही एकाच वेळी कामात दाखवू नयेत. वारा भरलेल्या शिडाखाली नौका एका बाजूला झुकते आणि त्या बाजूची वल्ही पाण्यात खेचली जातात. शीड फुगवले असेल तर वल्ही आत घेऊन तक्तपोशीवर बांधून ठेवावीत. वल्ही बाहेर काढायची असतील तर परबाण खाली उतरवून शीड त्याच्याभोवती गुंडाळावे. मला दुसरी मांडणी अधिक आवडते. वारा पडलेल्या पाण्यात मोठ्या जहाजाभोवती वल्ह्यांनी फिरणारे गलबत हेच त्याचे खरे युद्धतंत्र होते, आणि ५० सेंटिमीटरचा परबाण खाली आल्यामुळे काचपेटीही बुटकी होते.

दोरांची टोके खुंट्यांवर बांधताना त्यांना गोंद लावू नये. सुती दोर दमट हवेत आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो. पावसाळ्यात गोंदाने पक्का केलेला दोर डिसेंबरमध्ये लोंबतो आणि डिसेंबरमध्ये पक्का केलेला जुलैत परबाण वाकवतो. टोके नुसती गुंडाळून ठेवली तर वर्षातून दोनदा, पावसाळा सुरू झाल्यावर आणि दिवाळीच्या आसपास, काचपेटी उघडून मुख्य दोरापासून सुरुवात करीत एकेक दोर चिमट्याने जुळवून घेता येतो. पेटीच्या मागच्या बाजूला खाली आणि वर बोटभर रुंदीच्या जाळीच्या फटी ठेवाव्यात, म्हणजे आत ओल साचून मलमलीवर बुरशी धरत नाही.